दोन क्रेडिट

जूनमध्ये माझा वर्कलोड भरला नाही.
भौतिकशास्त्राला यंदा अकरा मुलं,
आणि माझ्या वेळापत्रकात दोन तास मोकळे.
मोकळा तास म्हणजे काय,
ते विनाअनुदानित माणसाला विचारा.
प्राचार्य म्हणाले, मॅडम, ओपन इलेक्टिव्ह घ्या,
दुसऱ्या शाखेच्या पोरांना काहीतरी सोपं. गणित नको.
मी लिहून दिलं : ध्वनी आणि आपण.
'आपण'मध्ये कोण कोण, ते ठरलं नव्हतं.

बास्केट म्हणतात त्याला.
योगाची पहिल्या दिवशी साडेदहालाच भरली,
मग बेकरीची, मग मोडी लिपीचीसुद्धा,
आणि तळाला राहिलेली बी.कॉम.ची बावन्न पोरं
माझ्या वर्गात येऊन बसली,
अनोळखी लग्नाच्या पंगतीत बसावं तशी,
कुणी वाढतंय का बघत.

बुधवार, शनिवार. सकाळी पावणेआठ.
मार्केट यार्डाकडून वारा असला
की खिडकीतून हळद आत येते,
खडूही पिवळा वाटतो.
मी निस्पंद काढले, प्रस्पंद काढले,
दोन खुंट्यांमध्ये पोट फुगलेली तार.
"हे परीक्षेला आहे का?"
आहे, म्हटलं.
मग वह्या उघडल्या.

हजेरीत एक नाव होतं : सतारमेकर मुनीर, मिरज.
वाटलं, सापडला.
त्या नावाभोवती मी अख्खा तास रचला,
भोपळा, जवारी, तारेचा ताण,
आणि म्हटलं, मुनीर, आता तू सांग.
तो उठला. बाकाची कड खरवडत राहिला.
"मला त्यातलं काय येत नाही, मॅडम.
थोरला भाऊ करतो. मी बिलं बघतो. जीएसटीचं."
वर्ग हसला. मीही हसले.
स्कूटरवर, कॉलेज कॉर्नरच्या सिग्नलला,
ते हसू मला टोचायला लागलं.
नावाला धरून माणूस ओढायचा,
हे कुठल्या अभ्यासक्रमात होतं माझ्या?

शेवटच्या बाकावर वैजयंता हजगुडे. आरगची.
एसटी चुकली की तास चुकला,
हजेरी एकसष्ट टक्के.
ऑगस्टात एकदा खिडकीखाली पाण्याची मोटर लागली,
माझं वाक्य बुडालं, मी थांबले,
आणि ती म्हणाली, मला नव्हे, वहीलाच :
"हवा घेतीया."
काय?
"मोटर. पाणी न्हाई उचलत.
भरल्या पायपाचा आवाज जड असतोय, ह्यो पोकळ हाय.
फूटव्हॉल्व्हात कचरा असंल."
शिपाई खाली गेले, वर आले.
टाकीत थेंब नव्हता.

तिला विचारलं, कसं कळतं?
खांदे उडवले तिनं.
लाइट येते रात्री दोनला.
मोटर लागते.
अंथरुणातच कळायला लागतं,
उठायचं, का तसंच पडून राहायचं.

माझ्याकडं त्याला शब्द होता.
मी तो फळ्यावर लिहिला : वायुस्तंभ.
तिनं उतरवून घेतला,
मान तिरकी करून,
दुकानातली महागडी वस्तू हातात घेऊन
परत ठेवावी, तसा.

परीक्षा चाळीस गुणांची. पर्याय निवडा.
मुनीरला छत्तीस.
वैजयंताला सतरा. सोळाला पास.
तक्रार कुणाविरुद्ध करणार,
प्रश्न मीच काढले होते.
दोघांच्या गुणपत्रिकेवर सारखंच लिहून आलं :
ध्वनी आणि आपण, क्रेडिट दोन.

आता रात्री सोसायटीची मोटर लागली
की मी पेपर तपासणं थांबवते,
पंखा बंद करते,
ऐकते. जड? पोकळ?
परवा नक्की वाटलं, पोकळ.
चप्पल न घालता खाली धावले
तर टाकी केव्हाचीच भरलेली,
आणि पाणी फाटकाखालून
शंभरफुटी रस्त्याकडं निघालेलं.